एक्झॉस्ट व्हॉल्व्हला अर्ध्यापर्यंतच चुंबक चिकटतो. माल नकली आहे का?

टॅपेटराव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. दोन वर्षांपूर्वी गॅस किट बसवून घेतले. गेला महिनाभर आयडलिंगला थरथर आणि चढावर दम नाही. कॉम्प्रेशन तपासले तर बाकी ठीक, तिसऱ्या सिलिंडरमध्ये जवळजवळ शून्य. इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवले. त्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) कडेला नखाएवढी खाच पडली आहे. खाचेच्या कडा गुळगुळीत, धातू वितळून ओघळावा तशा.

आता मुद्दा. हा व्हॉल्व्ह मागच्या ओव्हरहॉलिंगला नवीन टाकला होता. मेकॅनिकने सहज चुंबक लावून पाहिला. स्टेमला, म्हणजे व्हॉल्व्हच्या काठीला, घट्ट चिकटतो, व्हॉल्व्हच्या हेडला (डोक्याला) अजिबात नाही! हवा आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला मात्र शेंड्यापासून हेडपर्यंत सगळीकडे चिकटतो. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला नकली माल दिलाय. हेडला कसलं तरी भंगार स्टील जोडलंय." विक्रेत्याशी भांडायला जायच्या आधी इथल्या जाणकारांना विचारावे म्हटले.

चक्रधर_७

नकलीच असणार. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टेनलेस, आणि स्टेनलेस मऊ असते. मऊ धातू एक्झॉस्टला जळणारच. एकाच तुकड्याचा, पूर्ण चुंबक चिकटणारा व्हॉल्व्ह मागून घ्या.

धातुकन्या

टॅपेटराव, निदान या मुद्द्यावर तरी भांडायला जाऊ नका. तुमच्या हातात आहे तो दोन पोलादांचा व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा असाच असतो. चक्रधर सांगतात तसा पूर्ण चुंबक चिकटणारा घेतलात तर पुढच्या वेळी खाच लवकर पडेल.

आधी चुंबकाचे. पोलादाची आतली रचना तापमानाप्रमाणे बदलते. भट्टीत लाल झालेल्या पोलादात जी रचना असते तिला ऑस्टेनाइट म्हणतात आणि ती चुंबकाला दाद देत नाही. साधे पोलाद थंड झाले की ही रचना मोडते. पण निकेल, मँगनीज, कार्बन, नायट्रोजन पुरेसे घातले तर गार झाल्यावरही ती तशीच राहते. तुमच्या व्हॉल्व्हचे हेड बहुधा २१-४एन या पोलादाचे आहे. नावातच निम्मा हिशोब आहे: क्रोमियम २१ टक्के, निकेल सुमारे ४ टक्के, आणि 'एन' म्हणजे नायट्रोजन, तो ०.४ टक्क्यांच्या आसपास. शिवाय मँगनीज ९ टक्के आणि कार्बन अर्धा टक्का.

स्टेम दुसऱ्या घराण्यातले, मार्टेन्साइटवाले, म्हणजे तापवून बुडवले की कडक होणाऱ्या आणि चुंबकाला चिकटणाऱ्या रचनेचे. इएन ५२ किंवा सिलक्रोम म्हणतात ते: कार्बन ०.४५, सिलिकॉन ३ च्या वर, क्रोमियम ९ टक्क्यांच्या जवळ. युरोपीय मानकात त्याचेच नाव एक्स ४५ सीआर एसआय ९-३. इनलेट व्हॉल्व्ह बहुतेकदा अख्खा याचाच असतो, म्हणून तुमचा चुंबक तिथे सगळीकडे चिकटला. जास्त ताणाच्या इनलेटला याचाच मॉलिब्डेनम घातलेला भाऊ वापरतात, जपानी नाव एसयूएच ३.

असे दोन का? इनलेटला दर फेरीत बाहेरची गार हवा मिळते, त्याचे हेड साधारण ३०० ते ५५० सेल्सिअसमध्ये राहते. एक्झॉस्टवरून जळलेला वायू जातो. त्याचे हेड ७०० ते ८०० पर्यंत पोचते, म्हणजे अंधारात पाहिले तर लाल दिसेल इतके. सिलक्रोम ६०० च्या पुढे झपाट्याने ताकद सोडते. २१-४एन त्या तापमानाला बऱ्यापैकी उभे राहते.

चक्रधर_७

मग अख्खा व्हॉल्व्हच २१-४एनचा का नाही करत? जोड द्यायची हौस कशाला? जोड म्हटला की तो कधीतरी तुटणारच.

भट्टीवाला

हा प्रश्न मला कामावर नवीन आलेली पोरे नेहमी विचारायची. वीसेक वर्षे व्हॉल्व्हच्याच कामात गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

अख्खा २१-४एनचा व्हॉल्व्हही बनतो, पण त्याचे तीन त्रास आहेत.

पहिला म्हणजे या पोलादाला पाणी चढत नाही, तापवून बुडवले तरी ते कडक होत नाही. सिलक्रोम १००० ते १०५० ला तापवून तेलात बुडवा, कडक होते. मग ७२० ते ८२० ला तापवून ते पाणी हवे तेवढे उतरवायचे. नंतर स्टेमचे टोक इंडक्शनने पुन्हा कडक करता येते. ते लागतेच, कारण रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) त्याच टोकावर ठोके मारत असतो. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो, हजार तासांचे १८ कोटी ठोके झाले. २१-४एनची पद्धत वेगळी: ११४० ते ११८० ला भिजू द्यायचे, पाण्यात गार करायचे, मग ७६० ते ८१५ ला काही तास मुरवायचे. त्यातून कार्बाइड आणि नायट्राइडचे बारीक कण बाहेर पडून जी ताकद येते ती हेडला पुरते. टोक मात्र मऊ राहते आणि खिळ्याच्या डोक्यासारखे पसरते. मग त्यावर कडक धातूची टिकली वेल्ड करा किंवा टोपी घाला.

दुसरा त्रास उष्णतेचा. ऑस्टेनाइटवाले पोलाद उष्णता वाहून न्यायला आळशी आहे, सिलक्रोमच्या दोन तृतीयांशसुद्धा धड नाही. आणि गाइडमध्ये (स्टेम ज्या नळीत वर-खाली होतो तीत) घासताना ते चिकटून खरवडते, म्हणून स्टेमवर क्रोम किंवा नायट्रायडिंग लागतेच.

तिसरा त्रास फुगण्याचा. १०० मिमी स्टेम सरासरी ४०० अंशांनी तापला असे धरा. सिलक्रोमचा साधारण अर्धा मिमी वाढेल, २१-४एनचा ०.७ मिमी. फरक ०.२ मिमीचा. टॅपेटमध्ये, म्हणजे रॉकर आणि स्टेमच्या टोकात, आपण गॅप ठेवतो तोच मुळात ०.२ ते ०.३ मिमी! म्हणून डोके ऑस्टेनाइटचे आणि काठी सिलक्रोमची. काठीचे पोलाद स्वस्त पडते हाही भाग आहेच, उगाच सोवळेपणा नको.

आता जोडाबद्दल. एक तुकडा गरगर फिरवतात, दुसरा त्यावर दाबून धरतात. नुसत्या घर्षणाने दोन्ही तोंडे पांढरट पिवळी होतात, फिरणे एकदम थांबवून दाब वाढवला की मऊ झालेला धातू दोन्ही बाजूंना लाटेसारखा वळून बाहेर येतो. त्याची कॉलर बनते, ती गरम असतानाच कातरून टाकायची. सगळे मिळून काही सेकंदांचे काम. धातू वितळतच नाही, म्हणून वेल्डिंगच्या रॉडने दिलेल्या जोडाशी याची तुलना करू नका. आणि जोडाची जागा अशी ठरवतात की व्हॉल्व्ह पूर्ण उघडून खाली आला तरी तो गाइडच्या आतच राहावा, गरम वायूत उघडा पडू नये. इतक्या वर्षांत तुटलेले व्हॉल्व्ह ढिगाने पाहिले. बहुतेक कॉलेटच्या खाचेत (स्टेमच्या टोकाशी स्प्रिंग अडकवायची खाच) तुटलेले, नाहीतर हेडच्या खाली मानेत.

अर्धवट

वा! वाचनखूण साठवली. हेड आणि काठी वेगवेगळी कळली, पण सळीतून हेड कसे निघते? कातून काढले तर केवढा धातू वाया जाईल.

भट्टीवाला

कातत नाहीत हो. सळीचे एक टोक दोन इलेक्ट्रोडमध्ये धरून वीज सोडतात आणि मागून ढकलत राहतात. तापलेले टोक हळूहळू बल्बसारखे फुगते. पाहायला मोठे छान दिसते, दिवा पेटताना मंदावून पाहावा तसे. तो लालभडक गोळा डायमध्ये टाकून प्रेसचा एक ठोका, की हेड तयार. फायदा असा की धातूचे तंतू काठीतून हेडकडे वळत जातात, मध्येच कापले जात नाहीत.

निळीशाई

तांत्रिक गोष्टीतले मला फार कळत नाही, पण इतिहासाचा किडा वळवळला. अवांतर माफ करा.

स्टेनलेस स्टीलच्या गोष्टीत शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीचे नाव १९१३ सालासाठी येते आणि सगळ्यांना सुऱ्या-काटे आठवतात. पण पाठोपाठ पहिले महायुद्ध आले आणि त्याचे पोलाद टेबलावर जाण्याऐवजी विमानांच्या इंजिनांत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी गेले. विकलेही 'एरोप्लेन स्टील' म्हणून!

दुसरा माणूस अमेरिकेतला एल्वुड हेन्स. १८९४ साली याने स्वतःची मोटारगाडी रस्त्यावर चालवून दाखवली. पुढे कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू काढला, त्याचे नाव स्टेलाइट. व्हॉल्व्हच्या फेसवर (बंद होताना टेकणाऱ्या तिरप्या कडेवर) स्टेलाइट चढवतात असे वाचले आहे. जाणकार सांगतील.

धातुकन्या

निळीशाई, अवांतर कसले, तुम्ही अगदी नेमक्या जागी आणून सोडलेत. टॅपेटरावांची खाच जिथे पडली तिथेच स्टेलाइट लागते.

२१-४एन ताकदवान आहे, पण सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कड्यावर, आदळून आदळून त्याचा फेस झिजतो. म्हणून जड कामाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या फेसवर प्लाझ्मा आर्कने स्टेलाइट ६ ची भुकटी वितळवून थर चढवतात आणि मग ग्राइंड करतात. कोबाल्ट हा पाया, क्रोमियम २८ टक्क्यांच्या आसपास, टंगस्टन ४-५, कार्बन एक टक्क्याच्या जरा वर. थंडीत त्याचा कडकपणा ४० रॉकवेलच्या आसपास, म्हणजे फार नाही. बॉल बेअरिंग याहून खूप कडक असते. पण बेअरिंगचे पोलाद ६०० अंशांना लोण्यासारखे होते आणि हे बरेचसे तसेच राहते.

टॅपेटराव, दोन गोष्टी सांगाल का? तुमच्या व्हॉल्व्हच्या फेसवर वेगळ्या छटेची पट्टी दिसते का? आणि बाकीच्या तीन एक्झॉस्टचे टॅपेट गॅप किती आहेत?

टॅपेटराव

धन्यवाद धातुकन्या, भट्टीवाला. एवढे मिळेल असे वाटले नव्हते.

पट्टी दिसत नाही. हेडची कड आणि फेस एकाच रंगाचे आहेत. बाकीचे तीन व्हॉल्व्ह अजून इंजिनाच्या हेडमध्येच आहेत आणि कॅमशाफ्टही वरच आहे, त्यामुळे फीलर गेजने मोजता आले. थंड असताना ०.३० हवे. पहिल्याला ०.१५, दुसऱ्याला ०.१०, चौथ्याला ०.२० निघाले. तिसऱ्याचे आता कळायला मार्ग नाही. सगळ्या इनलेटचे मात्र बरोबर.

एक विचित्र गोष्ट सांगतो. गॅसवर गाडी घेतल्यापासून इंजिन उलट शांत झाले होते. आधी टॅपेटचा टिकटिक आवाज यायचा, तो बंद झाला. मी खूश होतो.

भट्टीवाला

सापडला तुमचा चोर! आणि तो विक्रेत्याकडे नाही, गाडीतच आहे.

लोकांना वाटते टॅपेट वाजले की बिघाड आणि गप्प झाले की ठणठणीत. एक्झॉस्टच्या बाबतीत वाजणारा टॅपेट परवडला. आवाज म्हणजे गॅप आहे, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसतो. तुमचे व्हॉल्व्ह सीटमध्ये आत रुतत गेले. इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह जेवढा वर सरकला तेवढे स्टेमचे टोक रॉकरकडे गेले आणि गॅप खात गेले. तिसऱ्यात ते शून्य झाले. मग इंजिन तापले, स्टेम वाढला, आणि व्हॉल्व्ह सीटवर टेकायचाच बंद झाला.

आणि टेकणे हेच त्याचे जगणे. हेडमधली साधारण पाऊण उष्णता सीटमधून बाहेर जाते, राहिलेली स्टेम आणि गाइडमधून. व्हॉल्व्ह बंद असतो त्या वेळात सीटला टेकून तो गार होत असतो. टेकला नाही तर उष्णतेला वाट नाही, आणि त्या केसाएवढ्या फटीतून जळता वायू कटिंग टॉर्चसारखा सुटतो. जिथे फट जरा जास्त तिथे कड वितळते, खाच पडते, मग सगळा वायू तिथूनच धावतो. तुम्ही लिहिलेली ओघळल्यासारखी कड तीच. कुठलेही पोलाद असते तरी जळले असते, निमोनिक (निकेलच्या पायाचा मिश्रधातू) असते तर चार दिवस उशिरा.

अर्धवट

पण गॅसवरच का रुतले? पेट्रोलवर इतकी वर्षे तर नीट चालले.

धातुकन्या

गॅस कोरडा असतो. पेट्रोलचे थेंब, त्यातली काजळी यांचा पातळसा थर फेस आणि सीटमध्ये राहतो, तो गॅसवर राहत नाही. धातू धातूला भिडतो, सूक्ष्म ठिकाणी चिकटतो आणि उघडताना ओरबाडला जातो.

अगदी हाच प्रकार पेट्रोलमधले शिसे काढल्यावर जुन्या इंजिनांत झाला होता. शिशाचे क्षार सीटवर वंगणाचे काम करायचे. ते गेले आणि मऊ बिडाच्या सीट खाली बसू लागल्या. पण शिसे काही साधुसंत नव्हते. सिलिकॉनचे आकडे पाहा: सिलक्रोममध्ये ३ टक्क्यांच्या वर, आणि २१-४एनमध्ये कमाल मर्यादा पाव टक्क्याच्या आसपास. सिलिकॉन खरे तर पपुद्रे धरू न देणारे चांगले मूलद्रव्य. मग एक्झॉस्टमध्ये त्याला दाराबाहेर का ठेवले? कारण शिशाचे ऑक्साइड आणि सिलिकॉनचे ऑक्साइड एकत्र आले की कमी तापमानाला वितळणारी काच बनते, आणि तापलेल्या व्हॉल्व्हवरचा रक्षक थरच तीत विरघळतो. म्हणजे हे पोलाद शिशाच्या पेट्रोलसाठी घडवलेले. शिसे गेले, पोलाद राहिले.

डोलकाठी

निवृत्त मरीन इंजिनिअर आहे. इंधनावरून विषय निघालाच आहे तर आमच्याकडची गोष्ट सांगतो.

जहाजाच्या इंजिनातला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलायला माणसे लागतात, क्रेनही लागते. जाळायला तळाचे जड तेल, त्यात व्हॅनेडियम आणि सोडियम. यांची राख सहाशेच्या आतच वितळू लागते आणि वितळलेली राख क्रोमियमचा थर खाते. त्यामुळे तिथे २१-४एन पुरत नाही. मोठ्या टू स्ट्रोकला निमोनिक ८०ए वापरतात. निकेलच्या पायावर २० टक्के क्रोमियम, आणि टायटॅनियम-अॅल्युमिनियम थोडे थोडे, त्यांच्या कणांमुळे गरम असताना ताकद टिकते. तरी धातूवर सगळा भरवसा टाकत नाहीत. सीटला पाणी खेळवून थंड ठेवतात आणि व्हॉल्व्ह उठता-बसता थोडा फिरेल अशी पंखाची योजना असते, म्हणजे राख एकाच जागी साचत नाही. ओव्हरहॉलला व्हॉल्व्ह काढला की आम्ही आधी फेसवर बोट फिरवायचो. खड्डे डोळ्यांना नंतर दिसायचे, बोटाला आधी कळायचे.

चक्रधर_७

माझा मुद्दा चुकला हे मान्य. :) पण एक विचारतो: पोकळ, सोडियम भरलेले व्हॉल्व्ह असतात म्हणे, ते बसवले तर सगळाच प्रश्न मिटेल?

भट्टीवाला

दिलदार माणूस आहात, चूक मान्य करणारे इथे क्वचित भेटतात.

सोडियम ९८ अंशांना वितळते. स्टेमची पोकळी साधारण निम्मी ते दोन तृतीयांश भरतात, म्हणजे व्हॉल्व्ह वर-खाली होताना ते आत हिंदकळते, हेडकडची उष्णता उचलून स्टेमकडे नेते. १९२० च्या दशकात सॅम हेरन या इंजिनिअरने विमानांच्या इंजिनांसाठी ते रुळवले. आज टर्बो इंजिनांत दिसतात. पण तुमच्या गाडीचे गाइड त्या जादा उष्णतेसाठी बनवलेले नसेल तर ते गाइड खाईल. आणि गॅप नसेल तर सोडियमही काही करणार नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. असा जुना व्हॉल्व्ह हाती आला तर आत काय आहे बघायला करवतीने कापू नका. सोडियमला पाणी लागले की भडका उडतो. भंगारात टाकतानाही वेगळा काढून सांगून द्या.

वेगवेडा

रेसिंगवाल्यांचे टायटॅनियमचे व्हॉल्व्ह कोणी बोललेच नाही! वजन पोलादाच्या साठ टक्क्यांच्या आत.

धातुकन्या

हलके आहेत हे खरे, स्प्रिंगवरचा भार कमी होतो. टोयोटाने १९९८ मध्ये नेहमीच्या विक्रीच्या गाडीतही घातले होते. पण टायटॅनियम गाइडमध्ये भयंकर चिकटते, सगळ्या पृष्ठभागाला काही ना काही लेप लागतो. या धाग्यातल्या गाडीला त्याचा उपयोग नाही, वेगळा धागा काढा, येते.

टॅपेटराव

अपडेट देतो.

भट्टीवाल्यांचा जोड शोधायचाच असे ठरवले. बारीक चुंबक दोऱ्याला टांगला आणि व्हॉल्व्ह आडवा धरून हळूहळू समोरून नेला. हेड, मान, काहीच नाही. मानेपासून दोन बोटांवर चुंबक टुणकन उडी मारून चिकटला. तिथे पॉलिश पेपर मारून फेरिक क्लोराइडचा बोळा फिरवला तर एका बाजूचा धातू काळसर पडला, दुसरी बाजू चकचकीत राहिली, मध्ये सरळ रेघ. मेकॅनिकला दाखवले. तो बराच वेळ व्हॉल्व्ह फिरवत बसला, मग म्हणाला, "याला मी पंधरा वर्षं नकली म्हणत आलो."

सीट उघड्या करून पाहिल्या. चारही एक्झॉस्टच्या रुतल्या आहेत, तिसरी सर्वांत जास्त. गॅससाठीच्या कडक सीट इन्सर्ट आणि स्टेलाइटच्या फेसचे व्हॉल्व्ह मागवले आहेत. आता शेवटचा प्रश्न: पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे जुने व्हॉल्व्ह ग्राइंड करून सुटे म्हणून ठेवू का? आणि नवीन व्हॉल्व्ह लॅपिंग पेस्टने घासून बसवायचे ना?

भट्टीवाला

जुन्यांचे मार्जिन मोजा, म्हणजे फेस संपल्यापासून हेडच्या सपाट तळापर्यंतची उभी कड. ग्राइंड केल्यावर ती १ मिमीच्या खाली जाणार असेल तर ठेवू नका, पातळ कड लगेच तापून जळते. स्टेमवर नायट्रायडिंग असेल तर तो थर जेमतेम १०-२० मायक्रॉनचा असतो, तिथे पॉलिश पेपरही लावू नका. तुम्ही लावलेला तो जळकाच व्हॉल्व्ह होता म्हणून ठीक.

नवीन व्हॉल्व्हला सीट मशीनवर नीट कापून घ्या आणि निळे (खूण उमटवणारा रंग) लावून टेकणारी पट्टी तपासा. पेस्ट लावायचीच तर बारीक, आणि दोन-चार फेऱ्या, बस्स. नंतर रॉकेलने गाइडपर्यंत धुऊन काढा. गॅप ०.३० ठेवा, हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, आणि गॅसवर आहात तोवर दर सर्व्हिसला.

टॅपेटराव

०.३०. लिहून हेडच्या कव्हरवर चिकटवतो. आणि टिकटिक ऐकू आली तर गप्प बसतो.